घड्याळाचं वजन

फौजदार गेले आणि पाठोपाठ हॉलमधलं टेबलावरचं घड्याळही थांबलं. बिघडलं नव्हतं, त्याला किल्ली द्यायचं काम फौजदारांचं होतं आणि त्यांच्यामागे बाईंनी ते अंगावर घेतलं नाही, इतकंच. धूळ मात्र त्या रोज पुसत. पुसतानाही घड्याळ उचलायच्या नाहीत, फडकं त्याच्या भोवतीनं फिरवायच्या. लेकीला वाटायचं, आईला बाबांची आठवण येते म्हणून ती हात लावत नाही. आठवण तर यायचीच. पण हात न लावण्याची सवय फौजदारांच्या हयातीतली होती, आणि तिचं कारण घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

फौजदार हे नाव ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे मिशीवाला पोलीस आला असेल, तर त्यानं तो खुशाल पुसून टाकावा. हा माणूस जन्मात कधी पोलिसात नव्हता. सडपातळ, चष्मिस, हसरा. कॉलेजात मानसशास्त्र शिकताना कुणालाही बोलतं करायचा म्हणून मित्रांनी नाव ठेवलं, ते कायमचं चिकटलं. पुढे पोलिसांना आणि सरकारी वकिलांना चौकशीचं तंत्र शिकवण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. न ओरडता, न धमकावता माणसाचं तोंड कसं उघडावं, हा त्यांचा विषय. "गुळानं मरतो त्याला विष कशाला?" हे त्यांच्या पहिल्या तासाचं पहिलं वाक्य. बाई त्यांच्याच वर्गातल्या. त्या विद्यापीठात गुन्हेगारांचं मानसशास्त्र शिकवत, म्हणून विद्यार्थ्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना बाई म्हणत. घरात मात्र त्यांना एकच हाक होती: चोर.

"चोर, चहा टाकतेस का?" असं फौजदार आतल्या खोलीतून विचारत आणि नवखा पाहुणा दचकून दाराकडे बघे. पाहुणा दचकला की फौजदार खूश. गोष्ट सांगायला निमित्त मिळायचं.

"आमचं लग्न चौकशीच्या खोलीत ठरलं," ते सुरू करत. "आमचे सर दरवर्षी वर्गात एक खोटी चोरी घडवून आणायचे. चोर कोण, ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. त्या वर्षी सरांच्या टेबलावरचं घड्याळ गेलं. चौकशीला मी, आणि समोर ही. दुपारची बसली ती दिवे लागले तरी ऐकेना. मग मी म्हटलं, चहा घे. घाई नाही. मी आहे ना. आणि ही म्हणाली, हो, मीच घेतलं! टाळ्याच टाळ्या. तेवढ्यात सर आले आणि त्यांनी स्वतःच्याच कपाटातून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. चिठ्ठ्या सगळ्या कोऱ्या होत्या! चोर कुणीच नव्हता! आता तुम्हीच सांगा, न केलेला गुन्हा कोण कबूल करतो?" इथे ते थांबत, चहाचा घोट घेत. "प्रेमात पडलेला माणूस!"

पाहुणे पोट धरून हसत आणि बाई लटक्या रागानं ट्रे उचलून आत जात. लेकीला लहानपणी झोपताना हीच गोष्ट लागायची. "मी आहे ना" हे शब्द ती बाबांच्या बरोबरीनं म्हणायची, अगदी त्यांच्या सुरात, आणि मगच डोळे मिटायची. मोठी झाली, स्वतःचा संसार झाला, तरी त्या गोष्टीवरचा तिचा जीव कमी झाला नव्हता. फौजदार गेले त्या आठवड्यात भेटायला आलेल्या प्रत्येकाला तिनं ती सांगितली होती, रडत रडत आणि हसत हसत.

त्या सकाळी लेक गाडी घेऊन आली ती बाईंना कोर्टात पोचवायला. इस्त्रीवालीच्या खटल्यात बाईंची साक्ष होती.

खटला शहरभर गाजत होता. एका लाँड्रीला आग लागली आणि वरच्या मजल्यावर झोपलेली मालकाची सासू धुरानं गेली. तिथे इस्त्री करणाऱ्या बाईला मालक आदल्याच दिवशी सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलला होता. पोलिसांना कारण मिळालं, आणि चौकशीत कबुलीही मिळाली: रागाच्या भरात चालू इस्त्री मुद्दाम कपड्यांवर ठेवून निघून गेले. नंतर वकील भेटल्यावर इस्त्रीवाली म्हणाली, "मला नीट आठवत नाही. पण साहेब म्हणाले म्हणजे मी केलं असेल." चौकशीचं रेकॉर्डिंग होतं, दिवसभराचं. कोर्टापुढे मात्र त्याचा शेवटचा तुकडाच आला होता, ज्यात ती सगळं खडान्खडा सांगते.

बचावाच्या वकिलीणबाईंची मागणी साधी होती: रेकॉर्डिंग कोर्टानं पहिल्यापासून ऐकावं. सरकारी वकील म्हणत होते, कबुली आहे, सही आहे, मग कोर्टाचा दिवस कशाला वाया घालवायचा? बाईंची साक्ष ऐकून न्यायाधीश काय ते ठरवणार होते. तेवढा एकच तुकडा ऐकला गेला, तर इस्त्रीवालीचा उरलेला जन्म तुरुंगात जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"बाबा असते तर पहिल्या रांगेत बसले असते," लेक गाडी चालवता चालवता म्हणाली.

"आणि सरकारी वकिलाला खुणा केल्या असत्या," बाई म्हणाल्या. "तो त्यांचाच विद्यार्थी."

वाटेत सिग्नलपाशी त्यांचा जुना विभाग लागायचा. विभाग कसला, आता तिथे चष्म्यांचं झकपक दुकान होतं. तरी बाईंनी मान वाकडी करून वरच्या मजल्याच्या कोपऱ्यातली खिडकी बघितली. इतक्या वर्षांत ती बघितल्याशिवाय त्या इथून कधी गेल्या नव्हत्या.

काय दिवस होते ते! वर्गात टाळकी बोटांवर मोजण्याइतकी, कारण गुन्हेगाराचं मन शिकून पुढे करणार काय, हे कुठल्याच आईबापांना पटत नसे. "त्यापेक्षा दातांची डॉक्टर हो," बाईंचे वडील म्हणाले होते, "निदान दारावर पाटी तरी लावता येईल." चौकशीची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. तिच्या भिंतीत सरांनी कुठून तरी पैदा करून एकतर्फी काच बसवली होती. आतून बघावं तर आरसा, पलीकडून बघावं तर खिडकी. पलीकडच्या अंधारात दाटीवाटीनं बसून वर्ग आतली चौकशी बघायचा. अट एकच: पलीकडे दिवा लावायचा नाही, नाहीतर काचेचं बिंग फुटतं. आणि दर खेपेला कुणीतरी पेन पडलं म्हणून दिवा लावायचंच. मग आत बसलेल्या संशयिताला आरशात एकदम सगळा वर्ग डबा खाताना दिसायचा.

सरांना टक्कल होतं, स्वेटरच्या कोपरांना ठिगळं होती आणि बोलण्याला अजिबात घाई नव्हती. "मी उमेदीची वर्षं तुरुंगात काढली आहेत," ते प्रत्येक नव्या तुकडीला सांगत, मग जरा थांबून, "नोकरीला," असं म्हणत आणि स्वतःच खूप वेळ हसत. त्यांचा टेपरेकॉर्डर पाठीत थाप बसल्याशिवाय सुरू होत नसे. टेप ऐकून मुलांना शब्द न् शब्द उतरवावा लागे. खोकला, उसासा, खुर्चीची करकर, गप्प बसणंसुद्धा. कुणी आळशीपणानं टेप शेवटाकडून ऐकायला लागला की सर त्याच्यामागे येऊन उभे राहत. "कबुली शेवटी ऐकू येते," ते म्हणत, "पण ती शिजत पहिल्यापासून असते. नुसतं झाकण काढून वास घेऊ नका. चूल कुणी पेटवली ते बघा." बाईंनी पुढे आपल्या प्रत्येक वर्गाला हेच सांगितलं, सरांच्याच संथ चालीत. त्यांच्या विद्यार्थ्यांना ते बाईंचंच वाक्य वाटायचं आणि बाईंना त्याचं जरा वाईटही वाटायचं.

वर्षभर ज्याची वाट बघायची तो दिवस म्हणजे खोट्या चोरीचा. सगळ्यांनी डब्यातून एकेक चिठ्ठी उचलायची, भिंतीकडे तोंड करून उघडायची आणि लगेच फाडून टाकायची. जिच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक ठिपका, तो चोर. त्यानं गुपचूप सरांची एखादी वस्तू पळवायची आणि बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी त्याला बोलतं करायचं. त्या वर्षी टेबलावरचं सोनेरी घड्याळ दिसेनासं झालं आणि सगळ्यांच्या नजरा बाईंकडे वळल्या. एक तर त्या आदल्या संध्याकाळी वही द्यायला सरांच्या खोलीत एकट्या गेल्या होत्या. दुसरं म्हणजे त्या वर्गातल्या नामांकित विसराळू. छत्री, किल्ल्या, चष्मा, सगळं कुठे ना कुठे ठेवून यायच्या. "ही चोरी करून विसरली असेल," कुणीतरी म्हणालं, आणि तिथून साप समजून भुई धोपटणं सुरू झालं.

चौकशी फौजदारांकडे आली. त्यांनी मधलं टेबल काढून टाकलं. खोलीत गारठा होता म्हणून आपला स्वेटर बाईंच्या खांद्यांवर टाकला. एकदाही आवाज चढवला नाही. दुपार सरली, संध्याकाळ झाली, चहा आला, आणि बाई म्हणाल्या, "हो. मीच घेतलं. वाचनालयात पुस्तकांच्या मागे ठेवलं." काचेपलीकडे टाळ्या पडल्या. दोघं-तिघं वाचनालयात धावले आणि धूळ खाऊन परत आले. तेवढ्यात सरांनी स्वतःचं कपाट उघडलं. काखेत कळसा! सगळे इतके हसले की खालून शिपाई बघायला आला. बाईही हसल्या. फक्त सर हसले नाहीत. त्यांनी जवळ येऊन हळूच विचारलं, "कधीपासून वाटायला लागलं?"

"सर, पोटात कावळे ओरडत होते," बाई म्हणाल्या. पुन्हा हशा पिकला.

फौजदारांच्या गोष्टीतली एकेक ओळ खरी होती. शेवटचं कारण सोडून. ते बाईंनी त्यांना कधीच सांगितलं नाही. आधी लाज वाटली. मग ते प्रेम वगैरे खरोखरच जमलं, आणि गोष्ट इतकी गोड झाली की मोडवेना. तो माणूस ती सांगताना जसा फुलायचा तसा एरवी कधी फुलला नाही. आता तर ऐकणाराच उरला नव्हता. मागून हॉर्न वाजले आणि लेकीनं गाडी पुढे घेतली.

कोर्टाच्या खोलीत उंच खिडक्या होत्या आणि बाकांना वर्षानुवर्षांच्या हातांनी चकाकी आली होती. आरोपीच्या कठड्यात इस्त्रीवाली हात पोटाशी धरून उभी होती. मनगटांवर जुन्या चटक्यांचे डाग. बाई तुरुंगात तिला भेटल्या होत्या, त्या ओळखीनं ती कसनुशी हसली, आपल्यामुळे यांना उगीच खेप पडली अशा चेहऱ्यानं. तुरुंगातही ती असंच करायची. बाईंनी काहीही विचारलं की आधी "हो" म्हणायची आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची, बरोबर आलं का म्हणून.

बाईंनी पूर्ण रेकॉर्डिंग ऐकलं होतं. वकिलीणबाईंनी विचारल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, "शेवटच्या तुकड्यात आरोपी म्हणते, 'निघताना वळून बघितलं, इस्त्रीचा लाल दिवा दिसत होता.' त्या इस्त्रीचा दिवा कधीच गेलेला होता. हे लाँड्रीच्या मालकाच्याच जबाबात आहे. मग लाल दिवा आला कुठून? सकाळी चौकशी अधिकारी विचारतात, 'लाल दिवा दिसला असेल ना?' ती म्हणते, 'आठवत नाही.' दुपारी म्हणते, 'असेल.' संध्याकाळी म्हणते, 'दिसत होता.' म्हणून हे पहिल्यापासून ऐकायला हवं. नुसता शेवट ऐकला तर तिला तो खरोखर दिसला होता असंच वाटतं."

मग सरकारी वकील उठले. गोल चेहऱ्याचा, हसतमुख माणूस. फौजदारांच्या तेराव्याला फुलांचा मोठा गुच्छ घेऊन आला होता आणि बाईंच्या पाया पडला होता, तोच.

"बाई, आपण मला आईच्या जागी आहात," ते म्हणाले, "आपले यजमान माझे गुरू. म्हणून विचारायला संकोच वाटतो. एका दिव्याबद्दल चूक होऊ शकते, मान्य. माणूस विसरतो. पण घर पेटवलं नसताना 'मी पेटवलं' असं कुणी म्हणेल का?"

"म्हणतात."

"आपण म्हणाला होतात." ते न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, आमच्या प्रत्येक तुकडीला फौजदार सरांनी ही गोष्ट सांगितली आहे." आणि त्यांनी ती सांगितली, चिठ्ठ्या, घड्याळ, चहा, कोऱ्या चिठ्ठ्या, सगळी. सांगण्याची ढबसुद्धा फौजदारांची. शेवटी योग्य जागी थांबून म्हणाले, "प्रेमात पडलेला माणूस!" अख्खं कोर्ट हसलं. न्यायाधीशांच्याही ओठांचे कोपरे हलले. मागच्या बाकावर लेक डोळे पुसत हसत होती. परक्या माणसाच्या तोंडून का होईना, तिला तिचे बाबा भेटले होते.

"सांगायचा मुद्दा," सरकारी वकील म्हणाले, "खोटी कबुली माणूस खेळात देतो, प्रेमात देतो. जन्मठेपेच्या तोंडावर देत नाही. बाई, आपण तेव्हा गंमत म्हणूनच कबूल केलंत ना? नुसतं हो म्हणा, मी खाली बसतो."

बाईंनी लेकीकडे पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं. हो म्हटलं की गोष्ट शाबूत, फौजदार शाबूत, लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू शाबूत. मग त्यांची नजर कठड्याकडे गेली. इस्त्रीवालीसुद्धा हसत होती. सगळे हसतात म्हणून तीही हसत होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "गंमत म्हणून नाही. मी घड्याळ घेतलं असं मला वाटलं, म्हणून कबूल केलं."

खोलीतलं हसू विरलं. सरकारी वकील म्हणाले, "मला समजलं नाही, बाई."

"मलाही पुष्कळ वर्षं समजलं नव्हतं. मी विसराळू होते. माझ्या आठवणीवर माझाच भरवसा नव्हता. त्यांनी विचारलं, 'चिठ्ठी नीट बघितलीस का? ठिपका बारीक असतो.' मी बघितली होती. पण तिसऱ्यांदा विचारल्यावर वाटायला लागलं, घाईत फाडली की काय. मग म्हणाले, 'बरं, समजा तू घेतलं असतंस, तर कसं घेतलं असतंस?' मी सांगितलं. सरांच्या खोलीत गेले असते, उजव्या हातानं उचललं असतं, पिशवीत टाकलं असतं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं, पुन्हा लावलं. संध्याकाळपर्यंत ते मला दिसायला लागलं. नुसतं दिसत नव्हतं. हाताला कळत होतं. पितळेचं गार घड्याळ, चांगलं जड. पिशवीचा बंद खांद्यात रुतला तेसुद्धा मला आठवत होतं. मग मी कबूल केलं आणि मला बरं वाटलं."

बाईंनी पाण्याचा घोट घेतला.

"घड्याळ कपाटातून निघालं तेव्हा सगळ्यांबरोबर मी हसले. पण माझ्या हातातलं ते वजन काही गेलं नाही. पुढे आमच्या लग्नात सरांनी तेच घड्याळ भेट दिलं. दुसऱ्या कुणाकडे न देता माझ्याच हातात ठेवलं. पत्र्याचं होतं, साहेब. वरून सोनेरी मुलामा. रिकाम्या डब्यासारखं हलकं. मी ते जन्मात त्या दिवशी पहिल्यांदा उचललं. सर माझ्याकडे बघत होते. त्यांना माझं उत्तर मिळालं."

"पण फौजदार सर तर म्हणायचे..." सरकारी वकिलांचा आवाज खाली आला होता.

"त्यांना तसंच वाटत होतं, आणि मी वाटू दिलं. प्रेम नंतर झालं. भरपूर झालं. त्याचा आणि कबुलीचा काही संबंध नव्हता." बाईंनी मागच्या बाकाकडे पाहिलं. "ते फार चांगले माणूस होते. मला एकदा दरडावलं नाही. दरडावलं असतं तर मला राग आला असता आणि मी वाचले असते. त्यांनी स्वेटर दिला, चहा दिला. इतक्या मायेनं विचारणाऱ्या माणसाला किती वेळ नाही म्हणायचं? आणि माझ्यापुढे तुरुंग नव्हता, मेलेली म्हातारी नव्हती. फक्त एक दुपार होती."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "ते घड्याळ आता कुठे आहे?"

"घरी आहे, साहेब. हॉलमध्ये."

"आणि आठवणीतलं? ते अजून जड आहे?"

"हो," बाई म्हणाल्या. "खोटं आहे हे माहीत असूनही. हातात घेतलं की हलकं लागतं, आणि मग माझं कुठलं खरं आणि कुठलं खोटं, याची भीती वाटते. म्हणून मी ते उचलत नाही."

सरकारी वकील खाली बसले. न्यायाधीशांनी चष्मा पुसला, पुन्हा चढवला, समोरचे कागद एका बाजूला केले. "रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावा," ते म्हणाले. "दिवस गेला तर जाऊ दे."

बाई साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरून लेकीशेजारी येऊन बसल्या. लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिचे हात मांडीवर घट्ट मिटलेले होते. बाईंना वाटलं, काही तरी बोलावं. बाबा खोटं बोलत नव्हते गं, असं काही तरी. पण कारकुनानं यंत्र सुरू केलं होतं, आणि टेप चालू असताना बोलायचं नाही हा सरांचा नियम त्या अजून मोडू शकत नव्हत्या.

आधी नुसती खुर्चीची करकर आली. कुणीतरी खाकरलं. कपबशी ठेवल्याचा आवाज आला. मग चौकशी अधिकाऱ्याचा आवाज, तरुण, मऊ, दमलेल्या माणसाला जपणारा. तो चांगला शिकलेला होता. कुणाच्या हाताखाली, ते बाईंना पहिल्या वाक्यालाच कळलं.

"बसा, ताई. थंडी वाजतेय का? खिडकी लावू? आधी चहा घ्या. काही घाई नाही..."

लेकीचे ओठ हलले. तिला ठाऊकही नव्हतं. लहानपणापासूनच्या सवयीनं ते आपोआप हलले, आणि यंत्रातून शब्द यायच्या आधी तिच्या तोंडून, अगदी बाबांच्या सुरात, हळूच निघून गेले, "मी आहे ना."

"मी आहे ना," यंत्रातला आवाज म्हणाला.

समोर कठड्यात इस्त्रीवालीनं खाली घातलेली मान वर केली आणि त्या आवाजाला आज्ञाधारकपणे होकार दिला.

लेकीनं ते बघितलं. तिनं चाचपडत आईचा हात शोधला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला. "आई," ती कुजबुजली, "तिला अजून काही विचारलंसुद्धा नाहीये."

"हो," बाई म्हणाल्या. "ऐक आता."